ओमॅलिझुमॅबची सुई आणि धंतोलीतली इंजेक्शनची खोली: २६ महिन्यांचा अनुभव

मी नागपुरात कळमन्याच्या मिरची यार्डात एका अडतीवर दिवाणजी आहे. वय ५१. दमा एकोणिसाव्या वर्षापासून सोबत आहे. गेले २६ महिने मी दर चार आठवड्यांनी ओमॅलिझुमॅब या दम्यावरच्या औषधाचे इंजेक्शन घेतो. मागच्या गुरुवारी अठ्ठाविसावे झाले. "सुई घेतली की पंप सुटतो का हो?", "एवढे पैसे टाकावे का?", "घरी घेता येते का?" असे विचारणारे फोन आता आठवड्यातून एकदोन येतात, बहुतेक बाजारातल्यांच्या घरून. फोनवर मी घाईत बोलतो आणि नेमके महत्त्वाचे राहून जाते. म्हणून औषधाबद्दल आणि ते मी जिथे घेतो त्या दवाखान्याबद्दल सगळे इथे लिहून ठेवतो. औषधाने मला फायदा झाला, हे आधीच सांगतो. पण ते कुठून आणले, कोणी दिले आणि दिल्यावर किती वेळ समोर बसवून ठेवले, हे तितकेच बघायला पाहिजे. माझा बराचसा अनुभव त्याचाच आहे.

सुईच्या आधीचे वर्ष फार वाईट गेले. स्टेरॉइडच्या गोळ्यांचे चार कोर्स झाले. जानेवारीत मिरचीची आवक सुरू झाली आणि त्याच आठवड्यात मी तीन रात्री ऑक्सिजनवर भरती होतो. श्वास किती जोरात फुंकता येतो ते मोजणाऱ्या पीक फ्लो मीटरवर काटा २४०च्या वर जात नव्हता. रात्री दोनला छातीत शिट्टी वाजायला लागली की बायको उठून वाफेचे मशीन लावायची आणि सकाळपर्यंत बसून राहायची. मुलीच्या बारावीचे वर्ष होते, ती दुसऱ्या खोलीत दार लावून अभ्यास करायची, पण तिला सगळे ऐकू जात होते.

धंतोलीतल्या छातीच्या डॉक्टर मॅडमकडे मी गेलो तो सुई मागायलाच. कोणीतरी सांगितले होते. मॅडमनी पहिले तीन महिने सुईचे नावही काढू दिले नाही. पिशवीतला पंप बाहेर काढायला लावला आणि म्हणाल्या, "घ्या माझ्यासमोर." मी घेतला. दाबणे आणि श्वास ओढणे यांचा मेळच नव्हता, अर्धे औषध जिभेवर बसत होते. एकतीस वर्षांत मला हे कोणी पाहून सांगितले नव्हते. त्यांनी स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची नळी, दिला, श्वास हळू ओढून दहा आकडे रोखायला शिकवले, नंतर चूळ भरायला लावली. मग विचारले की वर्षभरात पंप किती आणले. मी हिशेबाचा माणूस, बिले जपून ठेवतो. मोजले तर बाराच्या जागी सात निघाले. म्हणजे पाच महिने मी औषधाशिवायच होतो. हे लिहिताना वाईट वाटते, पण लिहायला पाहिजे, कारण फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांचे तेच चालले असणार. मॅडम म्हणाल्या, आधी हे सरळ करू. त्यानंतरही दमा आटोक्यात आला नाही तर सुईचा विचार.

सरळ केले. कूलरसुद्धा. आमच्याकडे मार्च ते जून कूलरशिवाय घर चालत नाही आणि त्याच्या ताट्या आम्ही दोन-दोन उन्हाळे तशाच ओल्या ठेवायचो. त्यांना कुबट वास यायचा. कातडीवर थेंब टाकून टोचायची अ‍ॅलर्जीची टेस्ट झाली त्यात घरातल्या धुळीचे किडे, झुरळ आणि बुरशी, तिन्ही जागा सुजल्या. मी ज्या मिरचीला आयुष्यभर शिव्या दिल्या तिच्यावरून मॅडमनी मला वेगळेच समजावले. मिरचीच्या धुळीने ठसका लागतो, श्वासनळी चिडते, त्याने दमा उसळतो. पण ती अ‍ॅलर्जी नव्हे. ही सुई अ‍ॅलर्जीची साखळी तोडते, ठसक्यावर तिचा इलाज नाही. म्हणून आजही हर्राशीच्या, म्हणजे लिलावाच्या वेळी यार्डात उतरायचे असेल तर एन-९५ मास्क लावूनच उतरतो. अडतीच्या मालकांनी माझे टेबल आतल्या खोलीत हलवले, त्यांचे उपकार आहेत.

तीन महिन्यांनी पंप बरोबर, डोस पूर्ण, ताट्या नव्या, तरीही एक कोर्स लागलाच. मग रक्त तपासले. आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जीत भाग घेणारी रक्तातली अँटिबॉडी, १८२; वजन ५८ किलो. या औषधाचा डोस या दोन आकड्यांवरून तक्ता बघून ठरतो. ७५पासून ३७५ मिलिग्रॅमपर्यंत, कोणाला दोन आठवड्यांनी, कोणाला चार. मला ३०० मिलिग्रॅम, चार आठवड्यांनी, म्हणजे १५० च्या दोन कुप्या. शेजाऱ्याला एक कुपी आणि मला दोन का, असे विचारत बसू नये. वजन बरेच वाढले किंवा उतरले तर डोस पुन्हा बघावा लागतो, म्हणून ही सुई चालू असलेल्याने वर्षातून काही वेळा तरी काट्यावर उभे राहावे. पोटात जंत आहेत का, हेही आधी तपासले, कारण आयजीईचे जंतांशी लढण्यात काम असते आणि हे औषध तेच आयजीई बांधून टाकते.

औषध नवे आहे अशी अनेकांची समजूत दिसते. अमेरिकेत याला २००३ मध्ये परवानगी मिळाली. वीस वर्षांहून जास्त काळ लोक घेत आहेत, त्यामुळे त्याचे गुण आणि धोके दोन्ही आता माहीत आहेत. मोठा धोका एकच पण गंभीर: अ‍ॅनाफायलॅक्सिस, म्हणजे अंगभर उसळणारी रिअ‍ॅक्शन. २००७ मध्ये तिकडच्या सरकारने औषधाच्या माहितीपत्रकावर त्याची ठळक चौकटीतली सूचना घालायला लावली. प्रमाण हजारात साधारण दोघांचे. पहिल्या सुईला होऊ शकते आणि वर्षभर सुरळीत घेतल्यानंतरही होऊ शकते. हे मॅडमनी मला पहिल्या दिवशी सांगितले आणि लिहून सही घेतली. घाबरून उठून जावे असे क्षणभर वाटले होते.

आता इंजेक्शनच्या खोलीबद्दल. दवाखाना काँग्रेसनगर मेट्रो स्टेशनपासून चालत सात-आठ मिनिटांवर आहे. मी प्रजापती नगरला बसतो, सीताबर्डीला गाडी बदलतो, पुढचेच स्टेशन काँग्रेसनगर. सुईच्या दिवशी स्कूटर नेत नाही. खोली लहान आहे, चार खुर्च्या आणि एक पलंग. भिंतीशी एका ट्रेमध्ये अशा रिअ‍ॅक्शनवर द्यायच्या अ‍ॅड्रिनलिनच्या अँप्युल, सिरिंज, सलाइन आणि बाजूला ऑक्सिजनचा सिलिंडर. सिस्टर दर वेळी सुई फोडण्याआधी अँप्युलवरची तारीख वाचतात आणि वहीत टिपतात. मी अठ्ठावीस वेळा पाहिले, एकदाही त्यांनी ते टाळले नाही.

त्याआधी त्या मला पीक फ्लो फुंकायला लावतात आणि विचारतात, "काका, या आठवड्यात ताप? गोळी वाढवली? अंगावर काही उठले?" छाती भरलेली असेल तर त्या दिवशी सुई नाही, आधी मॅडम बघतात. मग कुपी तयार होते. औषध पावडरच्या रूपात येते. सिस्टर त्यात १.४ मिलिलिटर पाणी घालतात आणि कुपी उभी धरून गोल फिरवतात. हलवत मात्र नाहीत. पहिल्यांदा मी म्हटले, "सिस्टर, जरा जोरात हलवा न, लवकर होईल." त्या म्हणाल्या, "काका, हे दूधपावडर नाही. हलवले की फेस होते आणि औषध खराब होते." मिनिटभर फिरवायची, ठेवायची, दर पाच मिनिटांनी पुन्हा थोडी फिरवायची. पंधरा ते वीस मिनिटे लागतात. चाळीस मिनिटांतही आत जेलीसारखे काही तरंगत राहिले तर ती कुपी वापरायची नाही. विरघळलेले औषध घट्ट असते, त्यामुळे टोचतानाही पाच-दहा सेकंद सावकाश ढकलावे लागते. दोन कुप्या म्हणून दोन जागा, एक या दंडाला, एक त्या दंडाला. जळजळ होते, दुसऱ्या दिवशी दंड दुखतो. दोनदा डोके दुखले. याहून जास्त मला काही झालेले नाही.

टोचल्यानंतर पहिल्या तीन वेळा दोन तास तिथेच बसायचे आणि पुढे दर वेळी अर्धा तास. हा नियम या दवाखान्यात मोडत नाही आणि माझ्या मते त्यांची सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे.

माझी दुसरी सुई फेब्रुवारीत होती. बाजारात आवक जोरात, मालकांचे दोन फोन येऊन गेले होते. तासाभराने मी उठलो आणि म्हटले, काही झाले नाही, जातो. सिस्टर दारात उभ्या राहिल्या. बायको सोबत होती, ती म्हणाली, "बसा न चुपचाप. मिरची कुठे पळून जात नाही." मी चिडून बसलो. शेजारच्या खुर्चीवर एक कॉलेजातली मुलगी होती, तिच्या आईबरोबर. तिचीही सुई झालेली. टोचून पन्नास मिनिटे झाली असतील, ती मान खाजवू लागली. मग म्हणाली, "आई, ओठ जड झाल्यासारखे वाटतात." पाहता पाहता गळ्यावर लाल चट्टे उठले आणि आवाज बसला. सिस्टरने तिला पलंगावर आडवे केले, पाय उंच केले, आणि सलवारवरूनच मांडीच्या बाहेरच्या बाजूला अ‍ॅड्रिनलिन दिले. मॅडम धावत आल्या तोवर सुई देऊन झाली होती. ऑक्सिजन लागला, सलाइन लागले. वीस मिनिटांनी ती नीट बोलू लागली. रात्रभर तिला वरच्या मजल्यावर भरती ठेवले आणि हे औषध तिचे कायमचे बंद झाले. तिच्या आईचे हात कापत होते, माझ्या बायकोने ते धरून ठेवले होते. ती मुलगी त्या वेळी एखाद्या ऑटोत, व्हेरायटी चौकाच्या गर्दीत असती तर काय झाले असते, हा विचार अजून जात नाही. त्यानंतर मी कधी घड्याळ पाहिले नाही.

बहुतेक रिअ‍ॅक्शन पहिल्या दोन तासांत येतात, पण सगळ्या नाही. एखादी दुसऱ्या दिवशीही येऊ शकते. म्हणून पाकिटात एक कार्ड ठेवले आहे, त्यावर औषधाचे नाव, शेवटच्या सुईची तारीख आणि दवाखान्याचा नंबर. अंगावर पित्त उठणे, ओठ-जीभ सुजणे, आवाज बसणे, चक्कर, अचानक धाप, यातले काहीही झाले तर फोनवर सल्ला विचारत बसायचे नाही, जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचे आणि कार्ड दाखवायचे. ताप, सांधेदुखी आणि पुरळ हे तिन्ही सुईनंतर एक ते पाच दिवसांत एकत्र आले तर तेही कळवायचे, ती वेगळ्या तऱ्हेची रिअ‍ॅक्शन असते.

"घरी घेता येते का?" याचे उत्तर त्यातच आले. भरलेल्या सिरिंजमध्ये हे औषध निघते आणि काही रुग्णांना घरी घ्यायची परवानगी देतात, पण निदान तीन डोस डॉक्टरांच्या नजरेखाली बिनतक्रार झाल्यावर, आणि आधी कधी अशी रिअ‍ॅक्शन आलेली नसेल तरच. माझी पावडरची कुपी तर घरी घ्यायची गोष्टच नाही. ओळखीच्या कंपाउंडरकडून मोहल्ल्यात टोचून घेतो, म्हणजे काँग्रेसनगरपर्यंत जायला नको, असे एकाने मला सांगितले. त्याला मी त्या मुलीची हकीकत पूर्ण सांगितली.

माझे मोठे नुकसान झाले ते बाहेरच्या एका औषधाच्या दुकानामुळे. तिसऱ्या महिन्यात थोडे स्वस्त मिळाले म्हणून दवाखान्याऐवजी बाहेरून दोन कुप्या घेतल्या. एप्रिल होता, बाहेर ४२ अंश. दुकानदाराने कुप्या प्लास्टिकच्या पिशवीत घातल्या, वरून बर्फाचे दोन खडे टाकले आणि म्हणाला, "घरी बर्फाजवळ ठेवा, चांगल्या राहतील." मी त्याचे ऐकले. आमच्या एकदारी फ्रीजमध्ये बर्फाच्या कप्प्याला टेकून रात्रभर ठेवल्या. सकाळी दवाखान्यात सिस्टरने खोके हातात घेतले. पुठ्ठा ओला आणि एका कडेला बर्फ चिकटलेला. "कुठे ठेवले होते काका?" मी सांगितले. त्या काही न बोलता आत गेल्या, मॅडम बाहेर आल्या आणि म्हणाल्या, हे मी देणार नाही. औषध २ ते ८ अंशांत राहायला पाहिजे. उन्हाने बिघडते तसे गोठल्यानेही बिघडते. पावडर दिसायला अगदी पहिल्यासारखीच होती, डोळ्यांना काही कळले नसते. पाच आकडी बिल कचऱ्यात गेले आणि सुई आठ दिवस पुढे ढकलली. दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता.

तेव्हापासून औषध दवाखान्याच्या फार्मसीतूनच घेतो, आणि सुईच्या दिवशीच. ते थर्माकोलच्या डब्यात जेल पॅक घालतात, पॅक आणि खोके यांच्यामध्ये पुठ्ठा असतो, म्हणजे थेट गारठा लागत नाही. नागपूरच्या उन्हात आणि मेच्या वादळात लाइन जाते त्या दिवसांत घरात ही कुपी ठेवणे मला आता पटत नाही. ज्याला बाहेरगावाहून, गोंदिया-चंद्रपूरकडून यायचे आहे त्याने तर घेऊन प्रवास करूच नये. इथे येऊन इथेच घ्यावी.

एक घोटाळा मी स्वतः केला. सहाव्या सुईनंतर मनात आले, फरक किती पडला ते पाहू, आणि लॅबमध्ये जाऊन आयजीई तपासून आलो. १८२चे ६००वर गेले होते. रात्रभर झोप नाही. सकाळी मॅडमनी कागद पाहिला आणि शांतपणे समजावले: औषध आयजीईला चिकटते, ती जोडी शरीरातून हळू जाते आणि टेस्ट तिलाही मोजते. म्हणून सुई चालू असताना आकडा वाढलेलाच दिसतो, बंद केल्यावरही वर्षभर तसा राहू शकतो. त्यावरून डोस ठरवत नाहीत. फायदा पाहायचा तर किती रात्री उठलो, किती जिने चढलो आणि किती गोळ्या लागल्या ते मोजायचे.

तर मोजतो. पहिल्या दोन सुयांनंतर काहीच वाटले नाही. मॅडमनी आधीच सांगितले होते की सोळा आठवडे देऊ, मग बसून ठरवू, फरक नसेल तर बंद करू. तिसऱ्यानंतरच्या महिन्यात एके सकाळी जाग आली तेव्हा लक्षात आले की रात्री उठलोच नाही. सोळाव्या आठवड्यात काटा ३४०, आता ३८०च्या आसपास. २६ महिन्यांत स्टेरॉइडचा एकच कोर्स, तोही दिवाळीत फटाक्यांच्या धुरात. भरती एकदाही नाही. मुलगी आता पुण्याला शिकते. मागच्या सुट्टीत आली तेव्हा सकाळी चहा घेताना म्हणाली, "बाबा, रात्री मशीनचा आवाज आला नाही."

पंप मात्र सुटलेला नाही. सकाळ-संध्याकाळ चालू आहे. धाप लागली तर ही सुई कामाची नाही, तेव्हा पंपच लागतो. कोर्सखेरीज चालू असलेली स्टेरॉइडची रोजची गोळीही मॅडमनी चार महिन्यांत हळूहळू उतरवली. आपल्या मनाने एका दिवसात सोडणे धोक्याचे, कारण वर्षानुवर्षे गोळी घेतलेल्या शरीराला स्वतःचे स्टेरॉइड लगेच बनवता येत नाही. उतरवताना हातापायांना मुंग्या, पुरळ किंवा वाढती धाप आली तर लगेच सांगा, असे त्यांनी बजावले होते, कारण गोळीखाली दबलेला दुसरा आजार तेव्हा वर येऊ शकतो. मला तसे काही आले नाही.

पैशाचे सांगतो. माझ्या विमा कंपनीने पहिला दावा "२४ तास भरती नाही" म्हणून फेटाळला. मुलीने शोधून काढले की विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये पॉलिसीतून वगळता येणार नाहीत अशा १२ आधुनिक उपचारांची यादी दिली आहे, आणि त्यात मोनोक्लोनल अँटिबॉडीचे इंजेक्शन आहे. ओमॅलिझुमॅब तेच आहे. मॅडमचे पत्र जोडून पुन्हा अर्ज केला, तक्रार कक्षाकडे गेलो, पाच महिन्यांनी काही रक्कम मिळाली. माझ्या पॉलिसीत या उपचारांवर वर्षाची मर्यादा होती, तिच्यापुढचे खिशातून जाते. सुरू करण्याआधी पॉलिसीचे ते पान वाचा, मी नंतर वाचले.

दवाखान्यातल्या दोन गोष्टी मला आवडत नाहीत. खालच्या मजल्यावर संध्याकाळी कोणीतरी अगरबत्ती लावते आणि तिचा धूर जिन्यातून थेट छातीच्या रुग्णांपर्यंत येतो. दोनदा बोललो, आठवडाभर बंद होते, पुन्हा सुरू. म्हणून मी सकाळचीच वेळ घेतो. आणि खुर्च्या लोखंडी, पाठ टेकायला धड नाही. पहिल्या तीन वेळी दोन तास बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला त्या फार त्रासाच्या आहेत. सोबत उशी न्या, पाण्याची बाटली न्या, आणि शक्य असेल तर कोणाला तरी बरोबर न्या.

माझी पुढची तारीख २८ मे, ऐन नवतप्यात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत. सकाळी साडेनऊची वेळ घेतली आहे.